विश्वासाची राखण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे येणारे बहुतेक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येणारे असतात. कोणी सभेत काही ऐकलेले असते, कोणाला मोबाईलवर काही आलेले असते, कोणाला एखाद्या उपदेशकाने दृष्टान्त सांगितलेला असतो, आणि मग विचारणा होते की हे मानायचे का. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत दिलेली वचने वाचकांनी स्वतः उघडून, मागचा-पुढचा भाग वाचून ताडून पाहावीत. बिरुयातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचा उपदेशही दररोज शास्त्रात तपासला, आणि त्याबद्दल त्यांना दूषण न देता पवित्र शास्त्र त्यांना मोठ्या मनाचे म्हणते (प्रेषितांची कृत्ये १७:११).

प्रश्न : बाळ येशूच्या दर्शनाला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, लोक तीन होते, असे पवित्र शास्त्रात आहे का?

उत्तर : नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात भेटवस्तू तीन आहेत; माणसांची संख्या नाही आणि त्यांची नावेही नाहीत.

प्रश्न : एका उपदेशकांनी सांगितले की ‘बीज’ म्हणून ठरावीक रक्कम दिली तर देव ती शंभरपटीने परत करतो. आम्ही कर्ज काढून दोनदा रक्कम भरली. आता ते तिसरे बीज मागत आहेत आणि न दिल्यास आधीची दोन्ही वाया जातील असे म्हणतात. काय करावे?

उत्तर : तिसरी रक्कम देऊ नका. हा प्रश्न पहिली रक्कम देण्याआधी विचारला गेला असता तर बरे झाले असते. दुर्दैवाने असे प्रश्न नेहमी कर्ज झाल्यावरच येतात.

शंभरपटीचे वचन मार्क १०:३० मध्ये आहे हे खरे. पण ते तेथे कसे आले आहे ते पाहा. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला आहे, पेत्र म्हणतो की आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो, आणि त्यावर प्रभू सांगतो की जो माझ्याकरिता व सुवार्तेकरिता घरदार, आईबाप, शेते सोडतो त्याला शंभरपट मिळेल, तेही ‘छळणुकीबरोबर’. एखाद्या उपदेशकाच्या हातात रक्कम ठेवण्याचा तेथे उल्लेखसुद्धा नाही, आणि छळणूक हा शब्द या सभांमध्ये कधीच वाचला जात नाही.

पेरणी-कापणीचे वचन करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ९ मधून घेतात. तो अध्याय आठव्यासह सलग वाचा. पौल तेथे स्वतःसाठी काही मागत नाही. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा होत आहे. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी होऊन किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, असे तो लगेच पुढच्याच ओळीत लिहितो. त्याहून महत्त्वाची गोष्ट आठव्या अध्यायात आहे. ही रक्कम पौल एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्याच्याबरोबर जातो, कारण या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी दोष ठेवू नये आणि जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य आहे ते व्हावे, अशी पौलाची काळजी आहे. प्रेषित असलेला पौल पैशाचा हिशेब इतरांच्या नजरेसमोर ठेवतो, आणि तुमच्याकडून रक्कम घेणारे उपदेशक पावतीही देत नाहीत, हा फरक तुम्ही नजरेआड करू नये.

विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी लहान नाण्यांची, गोष्ट अर्पणाच्या वेळी हमखास सांगतात. तिच्या अगदी आधीचे वचन मात्र गाळतात. त्यात प्रभू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना अधिक शिक्षा होईल असे बजावतो (मार्क १२:४०). देवाचे दान पैशाने घेऊ पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने शाप दिला. कुष्ठरोगी सेनापती नामान बरा झाल्यावर त्याच्यामागे धावत जाऊन भेटी घेणाऱ्या गेहजीला, म्हणजे अलीशा संदेष्ट्याच्या चाकराला, कोड फुटले. हे ओळखण्यासाठी पहिल्या मंडळीला आजच्यासारखी छापील पुस्तकेही लागली नाहीत. ‘दिदाखे’ नावाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती शिक्षणग्रंथात स्पष्ट नियम आहे की आत्म्यात असल्याचे सांगून जो ‘मला पैसे द्या’ म्हणतो त्याचे ऐकू नका. गरजू लोकांसाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करू नका. पैसे मागणारा संदेष्टा ही अडचण इतकी जुनी आहे.

अर्पण करणे ही ख्रिस्ती माणसाची आनंदाची गोष्ट आहे आणि ती थांबवा असे मी म्हणत नाही. पण ज्याची भीती घातली जाते, ज्याचा भाव ठरवलेला असतो आणि ज्याचा हिशेब विचारता येत नाही, ते अर्पण नव्हे. आपल्या मंडळीच्या पाळकांना व वडिलांना दोन्ही रकमांची आणि कर्जाची पूर्ण माहिती द्या. रक्कम मोठी असेल तर निरोप, पावत्या, बँकेतील नोंदी जपून ठेवून वकिलांचाही सल्ला घ्या. विश्वासणाऱ्याने फसवणुकीविरुद्ध बोलू नये असे कोणी सांगितले तर ते ऐकू नका.

प्रश्न : माझ्या बहिणीला मधुमेह आहे. एका आरोग्यसभेत तिला सांगण्यात आले की तू बरी झाली आहेस, आता औषध घेणे म्हणजे अविश्वास. तिने इन्सुलिन बंद केले आहे. तिला कोणते वचन दाखवू?

उत्तर : आधी तिला डॉक्टरांकडे न्या, आजच न्या. वचने नंतर दाखवता येतील. इन्सुलिन अचानक बंद केल्याने जीव जाऊ शकतो, आणि पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्यात जे दिवस गेले ते जायला नको होते.

देव आजही बरे करतो असा माझा विश्वास आहे आणि आजाऱ्यांसाठी मी प्रार्थना करतो. पण प्रभूने शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्यालाही याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले (मार्क १:४४). म्हणजे बरे झाल्याची तपासणी करून घेणे हा प्रभूच्या दृष्टीने अविश्वास नव्हता. हिज्कीया राजाला आयुष्य वाढवून मिळाले तेव्हा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास यशया संदेष्ट्यानेच सांगितले. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी उपाय सुचवला, त्रफिमाला मिलेतात आजारीच ठेवून पुढे गेला, आणि लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. यांपैकी कोणालाही त्याने अविश्वासू ठरवले नाही. बहीण खरोखर बरी झाली असेल तर रक्ततपासणीत ते दिसेल आणि डॉक्टरच औषध कमी करतील. तोपर्यंत एकही मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

प्रश्न : येशू देव आहे हे ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे मतदानाने ठरवले आणि पवित्र शास्त्रातील पुस्तकेही तेथेच निवडली, असे माझ्या मुलाने एका चित्रफितीत पाहिले. हे खरे आहे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी चूक आहेत. नायसियाची परिषद भरली ती अलेक्झांड्रियाच्या मंडळीतील अरियस नावाचा एक वडीलजन पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, निर्माण केलेला मानत होता म्हणून. म्हणजे वाद उठला तेव्हा मंडळी ख्रिस्ताची उपासना करतच होती. याची साक्ष ख्रिस्ती नसलेल्या माणसाकडूनही मिळते. रोमी अधिकारी प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात असे नोंदवले आहे. तेव्हा नायसियाला अजून २०० वर्षांहून अधिक अवकाश होता, आणि थोमाने ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ म्हटलेले योहानाचे शुभवर्तमान तर त्याहून आधीचे आहे.

पुस्तकांच्या यादीबद्दल नायसियाचा एकही नियम नाही. तेथे झालेले २० नियम मंडळीची शिस्त व कारभार यांविषयी आहेत. आज आपल्या हाती असलेल्या नव्या कराराच्या २७ पुस्तकांची नेमकी तीच यादी ३६७ मधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात सापडते, आणि तीसुद्धा कोणत्या सम्राटाच्या हुकुमाने नव्हे. मुलाला रागावू नका. तो विचारतो आहे ही चांगली गोष्ट आहे. ज्यांना घरात उत्तर मिळत नाही ते पुढे विचारणेच सोडून देतात. मंडळीचा इतिहास शिकवणाऱ्या जाणकार शिक्षकांशी त्याची गाठ घालून द्या.

प्रश्न : प्रभूच्या आगमनाचे वर्ष एका शिक्षकाने हिशेब करून काढले आहे. तयारी करावी का?

उत्तर : तयारी रोज करावी, हिशेब टाकून द्यावा (मार्क १३:३२). विल्यम मिलरच्या अनुयायांनी आगमनासाठी ठरवलेला २२ ऑक्टोबर १८४४ आणि हॅरल्ड कॅम्पिंग यांनी ठरवलेला २१ मे २०११, हे दोन्ही दिवस येऊन गेले.

प्रश्न : एका भविष्यवादी भगिनीने माझ्या आयुष्यातील गुप्त गोष्टी अचूक सांगितल्या. आता ती म्हणते की मी नोकरी सोडावी आणि तिने सुचवलेल्या व्यक्तीशी लग्न करावे. तिचे पहिले बोलणे खरे ठरले, मग दुसरे नाकारणे पाप नाही का?

उत्तर : नाही. अनुवाद या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात तर चिन्ह खरे ठरले तरी दुसऱ्या देवांकडे नेणाऱ्याचे ऐकू नये अशी आज्ञा आहे. अचूकपणा हा पुरावा नव्हे. फिलिप्पैत एक दासी पौलाच्या मागे ‘ही माणसे परात्पर देवाचे दास आहेत’ असे ओरडत होती. शब्द न शब्द खरा, आणि तरी पौलाने त्या आत्म्याला हाकलून लावले. तिच्या धन्यांना तिच्या भविष्यकथनातून पुष्कळ मिळकत होत होती, हेही लूक नोंदवतो. शिवाय तुमच्या गुप्त गोष्टी त्या भगिनीच्या कानावर आधी कोणी घातल्या असतील का, याचीही चौकशी करा.

संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, ही दोन्ही वाक्ये पौलाने एकापाठोपाठ लिहिली आहेत (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ५:२०-२१). ही पारख एकट्याने करायची नसते. आईवडील, पाळक आणि तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा एखादा परिपक्व विश्वासणारा यांच्यापुढे तो संदेश जसाच्या तसा मांडा, आणि तोपर्यंत राजीनामा देऊ नका, होकारही देऊ नका.

प्रश्न : संदेश दहा जणांना पाठवला नाही तर आशीर्वाद थांबतो का?

उत्तर : नाही. पुसून टाका.

प्रश्न : आमच्या मंडळीत उपासनेचे काही रिवाज शास्त्रात नाहीत. सगळेच सोडून द्यावेत का?

उत्तर : शास्त्रात नसलेले आणि शास्त्राविरुद्ध असलेले, यांत भेद करावा. उपासनेची वेळ किंवा गीतांचा क्रम शास्त्रात नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. प्रभूने मार्क ७ मध्ये ज्या संप्रदायावर, म्हणजे वाडवडिलांच्या रिवाजावर, बोट ठेवले तो पाहा : मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हटले की मुलाला आईवडिलांसाठी काही करू दिले जात नसे. रिवाजाने देवाची आज्ञा रद्द होते तेव्हा तो उघड सोडावा. पाळला नाही तर तारण नाही असे कोणी शिकवू लागले, तर गलतीकरांस पत्र उघडावे. सुंतेच्या बाबतीत नेमके तेच घडले होते आणि पौलाने तिळमात्र तडजोड केली नाही. उरलेल्या गोष्टींसाठी मंडळी फोडू नये. आपली शंका आधी वडीलजनांच्या बैठकीत मांडा, वचनासह मांडा, आणि त्यांचेही ऐकून घ्या.

प्रश्न : घरगुती अभ्यासगटाचे प्रमुख म्हणतात की येथले खोल शिक्षण पाळकांना सांगू नका, त्यांना अजून तो प्रकाश मिळालेला नाही. शिक्षण मात्र फार चांगले वाटते. जात राहावे का?

उत्तर : जाऊ नका. प्रभूने महायाजकापुढे सांगितले की मी जगासमोर उघडपणे बोललो, गुप्तपणे काही बोललो नाही (योहान १८:२०). जे शिक्षण पाळकांच्या कानावर पडू द्यायचे नाही ते सगळे, तुमच्या वह्यांसकट, याच आठवड्यात पाळकांकडे घेऊन जा.