फ्रॅक्टल कॉम्प्रेशनला इतका वेळ का लागतो आणि तो कमी कसा करावा?

256 × 256 चं कृष्णधवल चित्र एन्कोड व्हायला फार वेळ लागतो, तर प्रोग्रॅम जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) न्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: इतक्यात नको. आधी हिशेब मांडून बघा.

फ्रॅक्टल कॉम्प्रेशनमध्ये चित्राच्या प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी (रेंज ब्लॉक) त्याच चित्रातला मिळताजुळता मोठा तुकडा (डोमेन ब्लॉक) शोधतात, तो लहान करून त्याचा कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस जुळवतात आणि पिक्सेलऐवजी ही जुळणीच साठवतात. 8 × 8 चे रेंज ब्लॉक होतात 1024. 16 × 16 चे डोमेन ब्लॉक एकेक पिक्सेल सरकवत घेतले तर 58,081, आणि प्रत्येक आठ प्रकारे फिरवून-उलटवून लावायचा. म्हणजे 47 कोटींवर तुलना, दर तुलनेत 64 पिक्सेल! चित्राची बाजू दुप्पट केली की हे काम साधारण सोळा पट होतं. जीपीयू ते भराभर उरकेल, पण त्यातलं बहुतेक काम मुळात करायचीच गरज नाही.

सोपा उपाय म्हणजे डोमेन आठ-आठ पिक्सेलच्या अंतराने घेणं. मग ते 961 उरतात, काम साठ पट घटतं, दर्जा मात्र थोडा घसरतो.

खरी किमया संशोधक डीटमार झाउपे यांनी 1990च्या दशकात मांडलेल्या कल्पनेत आहे. मला ती या विषयातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस आपण नंतर जुळवून घेतोच ना? मग प्रत्येक ब्लॉकमधून त्याची सरासरी वजा करा आणि उरलेल्या सदिशाची (म्हणजे 64 पिक्सेलच्या आकड्यांची, दर पिक्सेल एक मिती) लांबी 1 करा. आता सर्वांत चांगला डोमेन म्हणजे रेंजच्या, किंवा उलट चिन्हाच्या रेंजच्या, सर्वांत जवळचा बिंदू. जवळचा बिंदू शोधायला केडी-ट्री (बिंदू जागेनुसार विभागून ठेवणारी रचना) आहेच. प्रत्येक डोमेन तपासत बसावं लागत नाही.

64 मिती केडी-ट्रीला झेपत नाहीत, म्हणून ब्लॉक आधी 4 × 4 चा करून 16 मितींत शोधा. जवळचे काही मोजके उमेदवार घ्या आणि लघुतम वर्ग पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) खरी चूक फक्त त्यांच्यासाठी, पूर्ण पिक्सेलवर काढा. ही पायरी गाळू नका, कारण कॉन्ट्रास्टचं क्वांटायझेशन (साठवण्यासाठी ठरावीक मोजक्या किमतींत बसवणं) झाल्यावर पहिला उमेदवार सर्वोत्तम राहीलच असं नाही. सपाट ब्लॉकमध्ये लांबी शून्याजवळ जाते आणि भागाकार बिघडतो. तसे रेंज ब्लॉक नुसत्या सरासरीने साठवा, तसे डोमेन ट्रीमध्ये घालूच नका.

पूर्ण शोधाचा जुना कोड जपून ठेवा. त्याच चित्रावर दोन्हींचा पीएसएनआर (मूळ चित्राशी किती जुळतं याचं माप, जास्त तितकं चांगलं) ताडून बघा आणि तफावत खटकली तर उमेदवार वाढवा.