बकासनात (दोन्ही तळहातांवर अंग तोलायचं आसन) पाय उचलले की लगेच तोंडावर येतो. ताकद कशी वाढवू?

ताकदीआधी नजर सुधारा. पायांकडे बघितलं की तोल पुढं जाणारच. हातभर पुढं जमिनीवर बघा, बोटं पसरा आणि टोकांनी जमीन दाबा. पुढं कललात की हीच बोटं ब्रेक लावतात. समोर उशी टाका, निम्मी भीती तिथंच जाते.

ताकदीसाठी कोल्हापूरकराला वेगळं काय सांगायचं? गंगावेश, मोतीबाग, कुठल्याही तालमीत मारतात तेच जोर, फक्त सावकाश. जोडीला प्लँक, म्हणजे हात आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ धरणं, पाठ वर ढकलून. आसनात गुडघे दंडावर, कोपराच्या जरा वर टेकवा आणि आधी एकच पाय उचला. दहा-दहा सेकंद जमले की अर्ध्या मिनिटाकडं वळा. मनगट दुखलं तर त्या दिवशी सुट्टी. आणि तांबडा-पांढरा ओरपून लगेच उलटं होऊ नका राव!