युद्धाच्या बिलात पालक?

प्रश्न: अमेरिकेत २००७ साली इराक युद्धासाठी इमर्जन्सी खर्चाचं बिल आलं होतं, त्यात म्हणे पालक पिकवणाऱ्यांनाही पैसे ठेवले होते आणि शेवटी किमान वेतनही त्याच कायद्यातून वाढलं. खरंय का हे? युद्धाशी याचा काय संबंध? – एक वाचक

उत्तर: खरंय, आणि संबंध शून्य.

त्याचं काय आहे, तिकडचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, नेहमीचे खर्च ठरलेले असतात, मग मध्येच वादळ आलं किंवा युद्ध पेटलं की पुरवणी बिल आणतात. ९/११ नंतर तीन दिवसांत काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, ४० अब्ज डॉलर पास केले, त्यावर कोण काय बोलणार. पण एकदा 'इमर्जन्सी' शिक्का बसला की तो पैसा नेहमीच्या खर्चमर्यादेत धरत नाहीत, आणि सैनिकांचे पैसे अडवले हा ठपका कुणालाच नको असतो, त्यामुळे बिल आज ना उद्या पास होणार हे सगळ्यांना माहीत असतं. मग गाड्याबरोबर नळ्याची यात्रा!

हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, २००७ च्या मार्चमध्ये पास केलेल्या इराकच्या बिलात पालकवाल्यांना अडीच कोटी डॉलर होते आणि भुईमूग साठवायला ७ कोटी ४० लाख. पालकवाल्यांचं नुकसान खोटं नव्हतं हं, आदल्या वर्षी पालकात ई. कोलाय हा आजारी पाडणारा जंतू सापडला आणि लोकांनी पालक घेणंच सोडलं. पण म्हणून इराकच्या बिलात? १ मे ला राष्ट्राध्यक्ष बुशनी व्हेटो मारला, म्हणजे बिल नाकारलं, तो मात्र सैन्य माघारीच्या तारखा घातल्या म्हणून, मग तारखा काढून नवं बिल आलं, २५ मे ला सही झाली आणि त्यातच किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी ५.१५ वरून ७.२५ डॉलर झालं. बरं, फेडरल म्हणजे देशपातळीवरचं किमान वेतन त्यानंतर वाढलेलं नाही अजून.

व्हाईट हाऊसच्या बजेट ऑफिसने १९९१ मध्येच निकष घालून दिले होते, खर्च गरजेचा, अचानक आलेला, तातडीचा, आधी अंदाज न आलेला आणि कायमचा नसलेला हवा. छान आहेत निकष. पण जनगणना बघा, १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, राज्यघटनेतच लिहिलंय, तरी २००० च्या जनगणनेचे साडेचार अब्ज डॉलर काँग्रेसने इमर्जन्सीत टाकले. दोनशे वर्षं आधी ठरलेली तारीख, आणि म्हणे अचानक आली.