लाइन कुठे उभी करायची?

फुटबॉलच्या साखळी सामन्यात घरच्या मैदानावर १-३ असा पराभव झाला आणि यावेळच्या टपालात बचावाखेरीज दुसरा विषयच नाही: मागच्या चौघा बचावपटूंची रांग, म्हणजे लाइन, गोलपासून किती पुढे उभी करायची. ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी आपल्यावर झालेले तिन्ही गोल थोडक्यात. पहिला १९व्या मिनिटाला, मधल्या वर्तुळातून बचावफळीच्या डोक्यावरून टाकलेल्या लांब चेंडूवर. दुसरा मध्यंतराआधी कॉर्नरवर: जवळच्या पोस्टला डोकं लागलं, लांबच्या पोस्टला मोकळ्या खेळाडूने नुसता पाय लावला. तिसरा ७८व्या मिनिटाला: आपलाच कॉर्नर त्यांनी बाहेर काढला आणि दोन पासमध्ये काम झालं. पत्रांत खेळाडूंची नावं घेऊन बरंच काही लिहिलंय, ते छापत नाही.

प्रश्न : आपले दोन्ही स्टॉपर (मधले बचावपटू) पळायला कमी आहेत हे गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. मग लाइन काहून एवढी वर? बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) कडेला उभे असते तर पहिला गोल झालाच नसता. (इंदोरा)

हा गोल झाला नसता, दुसऱ्या प्रकारचा झाला असता. लाइन गोलपासून साधारण ३५ मीटरवर होती. ती बॉक्सच्या कडेला, म्हणजे १६.५ मीटरवर आणली तर दोनच गोष्टी होतात. मधली फळीही मागे येते आणि डोक्याने बाहेर काढलेला प्रत्येक चेंडू त्यांच्याच पायात पडतो. किंवा ती मागे येत नाही आणि दोन फळ्यांच्या मध्ये समोरच्या दहा नंबरला, म्हणजे फॉरवर्डच्या मागे खेळणाऱ्याला, अंगण मिळतं.

खरी चूक वेगळी आहे. ज्याने तो चेंडू टाकला त्याने आधी चेंडू थांबवला, मान वर केली, मग मारला. त्याच्या पाच मीटरच्या आत आपला कोणी नव्हता. चेंडूवर दाब नाही आणि लाइन वर, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. बचावपटूंनी एवढंच बघायचं: चेंडूवाला आपल्याकडे तोंड करून मोकळा आहे का? असेल तर त्याने पाय मागे घेण्याआधीच चौघांनी पाच ते दहा मीटर मागे सरकायचं. तो पाठमोरा आहे, अंगावर कोणी आहे, किंवा चेंडू मागे पास होतोय, तर चौघांनी पुढे यायचं. १९व्या मिनिटाला चौघंही छाती समोर करून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभे होते. तिथून वळून पळायचं तर पहिली दोन पावलं वळण्यातच जातात, आणि त्यांचा फॉरवर्ड तोवर पूर्ण वेगात असतो. अंग आडवं, एक पाय मागे, एवढ्याने कमी वेगाचा स्टॉपरही निभावून नेतो.

गोलकीपरकडे कोणी बोट दाखवलं नाही याचं नवल वाटतं. लाइन ३५ मीटरवर असेल तर त्याची जागा बॉक्सच्या पुढच्या कडेजवळ. तो गोलसमोरच्या ५.५ मीटरच्या छोट्या चौकटीत उभा होता, म्हणजे मध्ये जवळपास तीस मीटरचं मैदान कोणाचंच नव्हतं.

आणि नागपूरची जमीन विसरू नका. पावसाळ्यात काळ्या मातीत असा चेंडू पडल्या जागी रुततो आणि स्टॉपर आरामात पोहोचतो. पाऊस संपून मैदान टणक झालं की तोच चेंडू उसळून पुढे पळतो. सामन्याआधी दोन्ही बाजूंना चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडून पाहा. कमरेच्या वर येत असेल तर लाइन पाच मीटर खाली धरा आणि गोलकीपरला पाच मीटर पुढे.

सरावासाठी: चौघांच्या कमरेला आठ-आठ मीटरची दोरी बांधा, शेजारच्या दोघांमध्ये एक. समोर चेंडू घेऊन प्रशिक्षक. तो चेंडू पायाखाली दाबतो तेव्हा पुढे, पाय मागे घेतो तेव्हा मागे, चेंडू बाजूला सरकला की सगळे त्या बाजूला. पूर्ण पळायचं नाही, चालीने. दहा मिनिटांत कळतं कोण उशिरा निघतो. चौघं मिळून २४ मीटरच झाकतात आणि पूर्ण मापाच्या मैदानाची रुंदी ६८ मीटर असते. लांबची बाजू मोकळी दिसणारच. प्रेक्षकांनी तिकडे बोट दाखवून ओरडू नये.

प्रश्न : लाइन बरोबरच होती. तिघांनी हात वर केले तरी लाइन्समनने झेंडा उचलला नाही. स्वच्छ ऑफसाइड होतं. (सदर)

नव्हतं. ऑफसाइड म्हणजे फॉरवर्ड चेंडूच्याही आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, गोलच्या जवळ असणं; शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो. उजवा बॅक बाकी तिघांच्या दोन पावलं मागे राहिला होता आणि फॉरवर्ड त्याच्या समांतर होता. समांतर म्हणजे ऑनसाइड, १९९० पासून. बघायचं ते चेंडू मारला त्या क्षणी; फॉरवर्ड चेंडूपाशी पोहोचला तेव्हा कुठे होता याला अर्थ नाही, आणि स्टँडवरून आपल्याला नेमकं तेच दिसतं. फॉरवर्ड स्वतःच्या अर्ध्या भागात असेल तर ऑफसाइड नाहीच, म्हणून लाइन मध्यरेषेच्या पुढे नेण्यात काही कमाई नाही.

हात वर करण्याने काय झालं तेवढं पाहा. तिघंही थांबले. सगळ्यांनी एकदम पुढे येऊन फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये पकडायचा सापळा लावायचा तर आवाज एकाचाच हवा. प्रशिक्षक अरिगो साक्कींच्या इटलीतल्या मिलान क्लबमध्ये ती लाइन बचावपटू फ्रँको बारेसी चालवायचा. १९८९ आणि १९९० ला सलग दोन युरोपियन कप त्यांनी जिंकले. तिथेही फक्त लाइन वर नव्हती. पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत साधारण २५ मीटरच अंतर ठेवायचं, हा साक्कींचा आग्रह. आपल्याकडे त्या क्षणी ते जवळपास दुप्पट होतं, कारण दोन्ही फॉरवर्ड चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून वरच राहिले.

आणखी एक बारकावा, स्थानिक सामन्यात हमखास वाद होतो म्हणून. आपला बचावपटू रेफ्रीला न विचारता गोललाइनबाहेर गेला किंवा तिथे जाऊन पडला, तर ऑफसाइडसाठी तो गोललाइनवरच आहे असं धरतात. खेळ थांबेपर्यंत, किंवा आपल्या संघाने चेंडू मध्यरेषेच्या दिशेने खेळून बॉक्सबाहेर काढेपर्यंत.

प्रश्न : जुनं ते सोनं. मागे कोणालाच न धरणारा एक सुट्टा बॅक ठेवा, पुढचे चौघं एकेक माणूस धरतील. इटलीवाल्यांनी यावरच युरोप जिंकला ना भाऊ? (कामठी)

जिंकला. प्रशिक्षक हेलेनिओ हेरेरांच्या इंटर क्लबने १९६४ आणि १९६५ ला, आणि मागे सुट्टा होता आर्मांडो पिक्की. पण त्याच संघाचा डावा बॅक फाकेत्ती वर जाऊन गोल करायचा, हे सांगताना लोक विसरतात. १९६७ च्या लिस्बनच्या फायनलला स्कॉटलंडच्या सेल्टिकने त्यांना २-१ हरवलं, कारण सेल्टिकचे बॅक दोन्ही बाजूंनी वर येत राहिले आणि त्यांना धरायला इंटरकडे माणूस उरला नाही.

आपल्या स्टॉपरांचा वेग पाहता सुट्टा बॅक वाईट नाही. किंमत मात्र मोजावी लागते. तो मागे असला की सगळे ऑनसाइड, म्हणजे तुमची लाइन ही लाइनच राहत नाही. आणि मधल्या फळीतला एक माणूस कमी. समोर एकच फॉरवर्ड असेल, ते नुसते लांब चेंडू टाकत असतील, किंवा शेवटची १५ मिनिटं आघाडी टिकवायची असेल, तर जरूर ठेवा. स्टॉपरच्या पाच-सहा मीटर मागे, चेंडूच्या बाजूला तिरपा. पंधरा मीटर मागे गेला तर तो बिनहाताचा गोलकीपर.

प्रश्न : कॉर्नरला जागा धरायची ही फॅशन कोणी आणली? माणूस धरला असता तर लांबच्या पोस्टवाला मोकळा राहिला असता का? (मानेवाडा)

माणूस धरण्यातही भोक आहे. त्यांचा एक जण तुमच्या माणसाच्या वाटेत उभा राहतो, दुसरा सुटतो. शिवाय माणसाकडे बघणाऱ्याला चेंडू दिसत नाही. जागा धरण्यातलं भोक वेगळं: तुम्ही उभ्याने उडी मारता, तो पळत येऊन मारतो, आणि त्याची उडी उंच जाते. म्हणून दोन्ही मिसळतात.

दहा जणांची वाटणी अशी करा. एक जवळच्या पोस्टच्या पुढे, छोट्या चौकटीच्या कोपऱ्याशी. चौघं त्या चौकटीच्या पुढच्या रेषेवर. ती रेषा १८.३२ मीटर लांब आहे, पण अंतर सारखं ठेवू नका, जवळच्या पोस्टपासून मध्यापर्यंत दाट आणि शेवटचा लांबच्या पोस्टच्या पलीकडे एक पाऊल. तिघं पेनल्टी स्पॉटच्या आसपास, त्यांच्या सगळ्यात उंच तिघांच्या वाटेत. चेंडू जिंकणं हे यांचं काम नाही, पळत येणाऱ्याची लय तोडणं आहे, तेही अंगाने. हाताने धरलं आणि चेंडू खेळात असेल तर पेनल्टी. एक बॉक्सच्या बाहेर अर्धवर्तुळावर, परत येणाऱ्या चेंडूसाठी. उरलेला छोट्या, म्हणजे जवळच पास दिलेल्या, कॉर्नरसाठी, कोपऱ्यातल्या कमानीपासून ९.१५ मीटर सोडून.

आपल्यावर दुसरा गोल कसा झाला? पहिला माणूस पोस्टला चिकटून उभा होता आणि हेडर त्याच्या तीन मीटर पुढे झाला. त्याची जागा पोस्ट नव्हतीच. मग शेवटचा माणूस चेंडू बघत बघत मध्ये सरकला आणि त्याच्या पाठीमागे जागा उघडी पडली. अंग अर्धं उघडं ठेवून चेंडू आणि पाठीमागचा माणूस, दोन्ही दिसले पाहिजेत. आणि कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नसतं, पण जवळच्या पोस्टला त्यांचं डोकं लागलं की त्या क्षणापासून असतं. गोलकीपर लाइनजवळ आणि एक बॅक पोस्टला टेकलेला, म्हणजे तुम्हीच सगळ्यांना ऑनसाइड करून ठेवलं. चेंडू बॉक्सबाहेर निघाला की एका हाकेसरशी सगळे बाहेर. ही हाक गोलकीपरची.

प्रश्न : १-२ असताना दोन्ही स्टॉपर वर पाठवणं हा शहाणपणा होता का? की जर्नेल सिंगची आठवण झाली होती? (जरीपटका)

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला जखम असलेल्या भारताच्या स्टॉपर जर्नेल सिंगला प्रशिक्षक रहीमसाहेबांनी आघाडीला खेळवलं आणि कोरियाविरुद्धच्या २-१ च्या फायनलमध्ये त्याने गोलही केला. पण तो कॉर्नरपुरता धावत वर गेलेला नव्हता, फॉरवर्ड म्हणूनच उतरला होता. मागची फळी त्याच्याशिवाय बसवलेली होती.

स्टॉपर वर पाठवायला हरकत नाही, हिशेब हवा. त्यांनी वर एक ठेवला असेल तर तुमचे मागे दोन, दोन ठेवले तर तीन. शिवाय एक बॉक्सच्या कडेला, बाहेर येणाऱ्या चेंडूवर तुटून पडायला. आपण त्यांच्या एकाला एकच ठेवला होता आणि कडेला कोणीच नाही. त्या एकानेही मध्यरेषेवर घसरून टॅकल मारला आणि चुकला. तिथे चेंडू जिंकायचाच नसतो. मागे सरकत, त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत तीन-चार सेकंद काढायचे, तेवढ्यात दोघं परत येतात. बॉक्सच्या कडेपर्यंत मागे गेलं तरी चालेल. फाऊल करून थांबवायचं असेल तर दूर आणि लवकर: तिथे पिवळं कार्ड. शेवटचा माणूस म्हणून बॉक्सबाहेर पाडलं तर लाल, आणि उरलेली १२ मिनिटं दहा जण.

प्रश्न : चाळीस अंशांच्या उन्हात नव्वद मिनिटं प्रेस कोण करणार? (धंतोली)

कोणीच नाही. प्रेस, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून जाणं, चेंडू गमावल्यावर पाच-सहा सेकंद, नाही मिळाला तर सरळ आपापल्या जागी. नंतर तीनच वेळी: चेंडू साइडलाइनवर पाठमोऱ्या खेळाडूकडे गेला, पहिला टच सुटला, किंवा चेंडू मागे पास झाला. एकट्याने धावू नये. पहिला निघाला की जवळचे दोघं निघाले पाहिजेत, नाहीतर तिघांचाही घाम वाया.

प्रश्न : गोलकीपर गोलकिक बॉक्समध्येच स्टॉपरला देतो. हे नियमात बसतं का? (मंगळवारी)

२०१९ पासून बसतं. चेंडू मारून हलला की खेळात. बॉक्सबाहेर जाण्याची वाट बघायची नाही. आपल्या खडबडीत मैदानावर मी ते पहिल्या अर्ध्या तासात तरी करणार नाही, चेंडू उसळून गुडघ्याला लागला की समोर गोल उघडा. आणि हातात चेंडू धरून वेळ काढणाऱ्या गोलकीपरला आता आठच सेकंद आहेत. २०२५ च्या नियमाप्रमाणे त्यापुढे समोरच्यांना कॉर्नर मिळतो. तुमच्या कॉर्नरची वाटणी वर दिलीच आहे.