सालीसकट आंबवलेली व्हाइट वाइन: तांबड्याबरोबर की पांढऱ्याबरोबर?

स्किन-कॉन्टॅक्ट व्हाइट वाइनची बाटली आहे, रविवारी मटणाचा बेत आहे, तांबड्या रश्श्याबरोबर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तांबड्याबरोबर नको. पांढऱ्याबरोबर बिनधास्त घ्या.

नेहमीच्या व्हाइट वाइनमध्ये द्राक्षं चिरडली की रस सालीपासून लगेच वेगळा काढतात. इथे तो सालीसकट आंबतो, काही दिवस ते काही महिने. जॉर्जिया देशात तर जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, म्हणजे क्वेव्हरीत, पाच-सहा महिनेसुद्धा ठेवतात. सालीतून केशरी रंग उतरतो, तसं टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरतं, म्हणून कोऱ्या कडक चहासारखी जीभ धरते. टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तांबड्यातली कांदा-लसूण चटणी आणि वर ही वाइन म्हणजे तोंड पेटणार, वाइनही कडू लागणार. खर्डाही त्या दिवशी ताटात नको.

पांढऱ्यातला स्निग्धपणा मात्र हा तुरटपणा मऊ करतो. अर्धा किलो मटण शिजवलेल्या चार वाट्या अळणी पाण्याला वाटीभर घट्ट नारळाचं दूध, 10-12 काजू, चमचा-चमचा पांढरे तीळ आणि खसखस. हिरव्या मिरच्या दोनच. दूध घातल्यावर खळखळून उकळू नका, फुटतं. मिठात कंजुषी नको, अळणी रश्श्यावर वाइन जास्तच कडवट लागते. सुकं मटण चालेल, पण चटणी निम्मी आणि खोबरं जास्त. शाकाहारींना शेंगदाणा-तिळाची भरली वांगी. गूळ नावापुरता, नाहीतर वाइन आंबट वाटेल.

सगळ्यात जास्त घोळ तापमानात होतो. फ्रिजमधून काढून लगेच ओतली की वास दबतो आणि टॅनिन बोचतं. 12 ते 14 अंश हवं, म्हणजे साधारण अर्धा तास बाहेर; एप्रिल-मेच्या उकाड्यात 15-20 मिनिटं पुरे. बर्फ घालायचा तर ही बाटली उघडूच नका.

गढूळपणाला घाबरू नका. गाळ नको असेल तर बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा आणि तळातलं शेवटचं बोटभर सोडून द्या. नेलपॉलिशसारखा हलका वास पसरट भांड्यात ओतून ठेवल्यावर कमी होतो; अर्ध्या तासानंतरही तसाच भपकारा असेल तर वाइन बिघडलेली आहे. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस सहज टिकते. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी तुरटपणा थोडा बसलेला असतो, त्यामुळे उरलेल्या सुक्या मटणाला तीच पुरवा.