तलावात गळ टाकताना पाण्याखालची माशांची जागा कशी शोधावी?

आपला प्रश्न असा आहे की ठाणे परिसरातील तलावांवर पाणी वरून सगळीकडे सारखेच दिसते, मग मासे नेमके कुठे आहेत हे काठावरून कसे ओळखावे. मी घोडबंदर रस्त्याला राहतो आणि बरीच वर्षे गळाने मासेमारी करतो. माझ्या अनुभवानुसार मासा शोधण्याआधी तळ शोधावा लागतो.

जिथे मासेमारीची परवानगी आहे अशा ठिकाणी पहिला अर्धा तास गळ बांधूच नका. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला, फक्त 20 ते 25 ग्रॅमचे शिसे बांधून दूर फेका, ते पाण्यात पडल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा आणि मग तंगूस तर्जनीवर ताणून धरत शिसे अगदी सावकाश ओढत आणा. तळ खडकाळ असेल तर बोटाला बारीक टकटक जाणवते. गाळ असेल तर शिसे कुठेही न थटता जडपणे सरकते आणि बाहेर काढल्यावर त्याला काळा, कुजक्या वासाचा चिखल लागलेला असतो. पाणवनस्पती असतील तर तंगूस क्षणभर अडकून सुटतो. एका फेकीला आकडा 6 वर थांबला आणि पाच-सहा हात बाजूला 10 पर्यंत गेला, तर मध्ये उतार आहे असे समजावे. असा उतार, किंवा गाळ संपून दगड सुरू होतो ती कड, हीच गळ टाकण्याची जागा, कारण तिथे माशाला आडोसा आणि खाणे दोन्ही मिळते.

धरणांच्या जलाशयांवर मे महिन्यात, मासे पकडायचे नसले तरी, एक फेरी जरूर मारावी. पाणी ओसरल्यावर जुन्या ओढ्याचे पात्र, शेतांचे बांध आणि झाडांचे बुंधे उघडे पडतात. त्यांची छायाचित्रे पावसाळ्यानंतर फार उपयोगी पडतात. गूगल अर्थवरील जुन्या उन्हाळ्यांच्या चित्रांतही हे पुष्कळदा दिसते.

मात्र सर्वांत खोल जागा सर्वांत चांगली, हा समज सोडावा. मीही तो बराच काळ धरून होतो. कडक उन्हाळ्यात साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी होतो आणि मासे वर सरकतात. शिवाय मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात आणि वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळ, त्यामुळे कटल्यासाठी तळाची ही माहिती तितकी कामाची नाही. मरळ हवा घ्यायला वर येते, म्हणून वनस्पतींच्या कडेला पाण्यावर नजर ठेवावी. बुडबुडे एकाच जागी येत राहिले तर बहुधा तो कुजणाऱ्या गाळाचा वायू असतो. पुढे पुढे सरकणारी बारीक बुडबुड्यांची ओळ दिसली, तर खाली मासा चरत असण्याची शक्यता मोठी.

जागा सापडली की पलीकडच्या काठावरील एखादे झाड किंवा इमारत तिच्या सरळ रेषेत लक्षात ठेवा आणि मोजलेला आकडा लिहून ठेवा. पुढच्या खेपेस त्याच रेषेत फेकून शिसे तितक्याच आकड्यावर टेकले, की गळ बांधायला हरकत नाही.