'कृष्णवर्णीय स्त्रीत्व' की आणखी काही?

प्रश्न असा आला : एका नवोदित अमेरिकी चित्रकर्तीची ओळख मराठीत करताना 'कृष्णवर्णीय स्त्रीत्वाचे अन्वेषण करणारी मिश्रमाध्यम कलाकार' असं लिहिलं आहे. बरोबर आहे, पण वाचवत नाही. काय करावं?

'अन्वेषण' आधी काढा, ते पोलिसांकडे राहू द्या. 'मिश्र माध्यम' रुळलेला शब्द आहे, राहू द्या. खरी अडचण पहिल्या दोन शब्दांत आहे.

'कृष्णवर्णीय' हा वर्तमानपत्री सभ्यपणा. लग्न जुळवताना मुलीला 'काळी' न म्हणता 'सावळी' म्हणतात, त्याच जातीचा. शिवाय तो फक्त कातडीबद्दल बोलतो. इंग्रजीतलं मूळ 'ब्लॅक' हे मात्र १९६०च्या दशकातल्या अमेरिकी चळवळीत तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी अभिमानाने उचललेलं नाव आहे. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने ते मोठ्या 'बी'ने लिहायचं ठरवलं, ते याचसाठी : रंग नव्हे, समाज. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, मग हा फरक दाखवायचा कसा? माझ्या मते 'ब्लॅक' तसाच ठेवून. रंगाला आपण काळा म्हणतोच. त्यामुळे 'ब्लॅक' आपोआप विशेषनामासारखा वाचला जातो. (तिकिटं ब्लॅकने घेतलेल्या पिढीला क्षणभर वेगळं वाटेल, हे मान्य.) 'दलित'चं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. इंग्रजी वर्तमानपत्रं आज 'दलित' भाषांतर न करता तसाच लिहितात. तीच रीत उलट दिशेने पाळायला काय हरकत आहे?

आता 'स्त्रीत्व'. '-त्व' संस्कृत शब्दांना लागतो आणि अर्थ तत्त्वाकडे, गुणाकडे नेतो. '-पण' जगण्याजवळ राहतो : आईपण, पोरकेपण, बाईपण. फेथ रिंगगोल्ड यांचं काम आठवा. न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत वाढलेल्या या चित्रकर्तीने १९८० मध्ये पहिली गोधडी केली ती आईबरोबर, आणि आई शिवणकामातली जाणकार. पुढे त्यांनी गोधडीवरच चित्रं रंगवली, गोष्टी लिहिल्या. त्यांच्या पणजीची आई गुलामगिरीत जन्मलेली, तीही गोधड्या शिवायची. सुई, चिंध्या, आईचा हात, मालकाचं घर : याला 'स्त्रीत्व' म्हटलं की सगळं धुऊन इस्त्री केल्यासारखं होतं. आणि 'क्विल्ट'ला 'कापडी भित्तिचित्र' वगैरे म्हणू नका, गोधडी म्हणा. भिंतीवर टांगली म्हणून तिचं गोधडीपण जात नाही.

'ब्लॅक बाईपण' एकत्र वाचताना थोडं अडखळायला होतं, खरं आहे. शीर्षकात चालेल, मजकुरात मी सोडवून लिहीन : 'ब्लॅक बाईचं जगणं आणि घरातून आलेला वारसा हा तिच्या चित्रांचा विषय. रंगाबरोबर ती कापड, जुने फोटो, दोरा वापरते.' कापड-दोऱ्याच्या जागी ती जे खरोखर वापरते ते घाला.